‘हा नेहमी असाच असतो का?’ अपंग नातेवाइकाला कॅज्युअल्टीत नेताना

कॅज्युअल्टीत डॉक्टर पहिल्यांदा विचारतात, ‘काय होतंय?’ बोलता येणारा माणूस त्याचं उत्तर स्वतःच देतो. पण ज्याला शब्द नाहीत, ज्याला छातीखाली काही जाणवतच नाही, किंवा दात दुखला तरी जो फक्त स्वतःच्या गालावर चापट्या मारतो, त्याच्यासाठी हा प्रश्न अर्धाच आहे. उरलेला अर्धा प्रश्न म्हणजे ‘हा नेहमी असाच असतो का?’ याचं उत्तर रुग्णालयात कोणाकडेच नसतं. ते घरच्यांकडे असतं, आणि घरच्यांना वाटतं की डॉक्टरांना ते दिसतंच आहे.

तसं ते दिसत नाही. हात आखडलेले, मान कललेली, तोंडातून लाळ, नजर स्थिर नाही. यातलं जन्मापासूनचं कोणतं आणि आज सकाळपासूनचं कोणतं, हे रात्रीच्या ड्युटीवरच्या नवख्या डॉक्टरला कळायला मार्ग नसतो. मग चूक दोन बाजूंनी होते. जुनंच लक्षण नवं समजलं गेलं, तर नको त्या तपासण्या होतात. वेळ आणि पैसा जातो, पण ते निभावतं. उलटं झालं तर जिवावर बेततं. नवं लक्षण ‘त्याच्या मूळ आजारामुळेच असेल’ म्हणून बाजूला पडतं. वैद्यकात याला ‘डायग्नोस्टिक ओव्हरशॅडोइंग’ म्हणतात, म्हणजे अपंगत्वाची सावली नव्या दुखण्यावर पडून ते दुखणं झाकलं जातं.

म्हणून कॅज्युअल्टीच्या दारात पहिल्या अर्ध्या मिनिटात सांगायचं ते सगळं ‘रोज’ आणि ‘आज’ यांच्यातल्या फरकाबद्दल असावं. समजा, सेरेब्रल पाल्सी, म्हणजे लहानपणीच मेंदूला इजा होऊन स्नायूंवर ताबा न राहणं, असलेल्या धाकट्या भावाला आणलंय. ‘याला खूप त्रास होतोय हो, काहीतरी करा’ यातून काहीच हाती लागत नाही. त्याऐवजी असं सांगा: ‘वय ३४, वजन ४१ किलो. जन्मापासून सेरेब्रल पाल्सी. बोलत नाही, पण सगळं समजतं. रोज दुधात कुस्करलेल्या दोन पोळ्या खातो, हाक मारली की हसतो. काल दुपारपासून काही खाल्लं नाही, हसत नाही. चार दिवस शौचाला झालेली नाही, पोट फुगलंय, पहाटेपासून तीन हिरव्या उलट्या झाल्या. फिटची कालची रात्रीची गोळी उलटून पडली.’

यातला एकही शब्द शोभेचा नाही. फुगलेलं पोट, बंद झालेली शौच आणि हिरवी उलटी एकत्र आली की डॉक्टरांच्या डोक्यात आतड्यातल्या अडथळ्याची घंटा वाजते. नुसतं ‘उलट्या होतायत’ म्हटलं तर उलटीचं इंजेक्शन देऊन घरी पाठवण्याची शक्यता असते. फिटची गोळी चुकल्याचं सांगितलंत, तर पुढच्या काही तासांत फिट येऊ शकते याची तयारी आधीच होते. आणि वजनावरून औषधाचा डोस ठरतो. उभं राहता न येणाऱ्या माणसाचं वजन वर्षानुवर्षं कोणी केलेलंच नसतं, मग ते अंदाजाने लिहिलं जातं आणि अंदाज चुकतो. घरी ते करणं सोपं आहे. त्याला उचलून काट्यावर उभं राहायचं, मग एकट्याने उभं राहायचं आणि वजाबाकी करायची. उचलणं शक्य नसेल, तर व्हीलचेअरसकट वजन होईल असा मोठा काटा शोधायचा, आणि रिकाम्या खुर्चीचं वजन वजा करायचं. दर तीन महिन्यांनी एकदा पुरे.

घरी निवांत असताना करून ठेवायच्या दोन गोष्टी

पहिली म्हणजे मोबाइलमध्ये वीस-तीस सेकंदांचा एक व्हिडिओ. एखाद्या साध्या रविवारचा घ्या, त्यात तो जेवतोय, हसतोय, हाकेला ओ देतोय, हात नेहमीसारखे हलवतोय असं दिसू द्या. ‘असा असतो, आणि आज असा आहे’ हे डॉक्टरांना दाखवायला यापेक्षा वेगवान साधन नाही. फिट येत असतील तर नेहमीच्या फिटचाही एक व्हिडिओ हवा. नेहमीची फिट दोन मिनिटांत थांबत असेल आणि आजची पाच मिनिटांनंतरही चालूच असेल, तर तो वेगळा आणि तातडीचा मामला आहे.

दुसरी गोष्ट म्हणजे एक कागद. एकच, पाठपोट. फाइल नको. जाड फाइल कॅज्युअल्टीत कोणी चाळत नाही. मजकूर मराठीत चालेल, पण औषधांची नावं आणि मिलिग्रॅम पाकिटावर छापल्याप्रमाणे इंग्रजी अक्षरांत उतरवा, सोबत वेळाही. कागदावर त्याचे ‘नेहमीचे आकडे’ असू द्या: निरोगी असतानाचं बीपी, नाडी, ऑक्सिजन, ताप. ज्याचा ऑक्सिजन एरवीच ९३ असतो त्याचे ९२ आणि ज्याचा ९९ असतो त्याचे ९२, यांचा अर्थ वेगळा. मग त्याचं ‘हो’ आणि ‘नाही’ कसं ओळखायचं तेही लिहा, जसं डोळे मिटले की हो, मान वळवली की नाही. दुखतं तेव्हा काय करतो, कशाने घाबरतो, कशाने शांत होतो, कोणत्या हाताला शीर सापडते. गिळताना ठसका लागत असेल तर तो मुद्दा वर, लाल पेनने.

शंट बसवलेला असेल, म्हणजे मेंदूतलं पाणी पोटात उतरवणारी नळी असेल, तर कागदाबरोबर जुन्या सीटी स्कॅनची सीडी हवीच. शंट तुंबल्यावर मेंदूतल्या पोकळ्या फुगतात, पण काहींच्या त्या कायमच मोठ्या असतात. आजचा स्कॅन जुन्याशेजारी लावला तरच फरक कळतो. सकाळच्या उलट्या, डोकेदुखी आणि वाढती गुंगी ही शंट बिघडल्याची लक्षणं आहेत, आणि तिथे तासांचा हिशेब असतो.

कोणाच्या बाबतीत काय लपून बसतं

मणक्याला इजा झालेल्यांकडे इथे सगळ्यांत जास्त लक्ष देतोय, कारण त्यांचं एक संकट असं आहे की ते घरच्यांना माहीत असतं आणि कॅज्युअल्टीत मात्र अनेकदा कोणी पाहिलेलं नसतं. पुण्यात खडकीला जवानांचं पॅराप्लेजिक पुनर्वसन केंद्र आहे. तिथे हे रोजच्या ओळखीचं असेल, पण एरवी तुम्हालाच सांगावं लागणार.

छातीच्या सहाव्या मणक्याच्या पातळीवर किंवा त्याहून वर इजा असेल, तर इजेच्या खालच्या भागात काहीही बोचलं, ताणलं, तुंबलं की बीपी एकदम उसळतं. याचं नाव ऑटोनॉमिक डिसरिफ्लेक्सिया. डोकं ठणकतं, चेहरा आणि मान लाल होते, वर घाम फुटतो, खाली त्वचा थंड आणि फिकी. अशा माणसाचं नेहमीचं वरचं बीपी ९० ते ११० च्या घरात असतं. त्यामुळे मशिनवर १४५ दिसलं की पाहणाऱ्याला वाटतं, ‘थोडं वाढलंय, घाबरलाय.’ त्याच्यासाठी मात्र ते चाळीस अंकांनी चढलेलं असतं, आणि तसंच राहिलं तर मेंदूत रक्तस्राव होऊ शकतो.

इथे नेहमीची सवय घात करते. अत्यवस्थ माणसाला आपण आडवं करतो, आणि याला आडवं केलं की बीपी आणखी चढतं. त्याला बसवायचं, पाय खाली सोडायचे. पोटाचा पट्टा, घट्ट मोजे, लघवीच्या पिशवीचा पायाला बांधलेला पट्टा, सगळं सैल करायचं. मग कॅथेटर पाहायचं: नळीला पीळ पडलाय का, नळी मांडीखाली दबलीय का, पिशवी काठोकाठ भरलीय का, गाळाने नळी तुंबलीय का. बहुतेक वेळा कारण इथेच सापडतं, आणि लघवी वाहू लागली की दहा मिनिटांत चेहरा निवळतो. लघवीत काही सापडलं नाही तर पुढचा संशय साठलेल्या शौचाचा, त्यापुढे जखमेचा, आत वळलेल्या नखाचा. हे सगळं पाहताना बीपी दर पाच मिनिटांनी मोजत राहायचं. कारण सापडेना किंवा बीपी उतरेना, तर औषधाचा निर्णय डॉक्टरांचा. तुमच्याकडून त्यांना हवं ते एकच वाक्य: ‘याचं नेहमीचं बीपी शंभर आहे.’

याच लोकांना पायाचं हाड मोडल्याचंही कळत नाही. न वापरलेली हाडं ठिसूळ होतात, पलंगावरून खुर्चीत घेतानाही मोडतात. एक पाय सुजलाय, गरम आहे, पडल्याचं काही आठवत नाही, असं असेल तर एक्स-रे मागा आणि शिरेत गुठळी झालीय का तेही तपासायला सांगा. हाड मोडलेलं निघालं तर रुग्णालय एमएलसी, म्हणजे मेडिको-लीगल केस, करील, पोलिसांना कळवील. बोलता न येणाऱ्या माणसाच्या बाबतीत तसं विचारलं जाणं रास्तच आहे, त्यात तुमच्यावर आरोप नसतो.

बाकीचं थोडक्यात. डाऊन सिंड्रोममध्ये मानेचे वरचे दोन मणके सैल असू शकतात, म्हणून मान झटक्याने मागे वळवू नका, भूल देणाऱ्या डॉक्टरांनाही सांगा. स्पायना बिफिडा, म्हणजे जन्मतः पाठीचा कणा नीट न जुळलेला, असलेल्यांना रबरी हातमोजांमधल्या लॅटेक्सची ॲलर्जी असण्याची शक्यता मोठी असते. स्नायूंच्या क्षयाचा आजार, म्हणजे मस्क्युलर डिस्ट्रॉफी, असेल तर नुसता ऑक्सिजन वाढवत नेणं धोक्याचं असतं. श्वासाचे स्नायूच थकलेले असतात, त्यामुळे ऑक्सिजनचा आकडा सुधारला तरी आत कार्बन डायऑक्साइड साठत जातो. रक्तातल्या वायूंची तपासणी, म्हणजे एबीजी, झालीय का विचारा. पोटातली जेवणाची नळी निसटली तर सकाळची वाट पाहू नका. ते भोक काही तासांतच आकसू लागतं. स्वच्छ कापडाने झाका, निसटलेली नळी पिशवीत घाला आणि निघा.

घरातून निघताना

१०८ ला फोन केलात तर रुग्णवाहिका मोफत असते आणि तिच्यात डॉक्टर असतो. महाराष्ट्रात ही सेवा २०१४ पासून आहे. सगळ्या गाड्यांत व्हेंटिलेटर नसतो, म्हणून श्वासाचा त्रास असेल तर फोनवर पहिल्याच वाक्यात सांगा. मजला, लिफ्ट आहे की नाही, बोळ किती रुंद आहे, गाडी कुठवर येते, हेही. आणि कोणत्या रुग्णालयात नेणार ते गाडीत चढण्याआधीच विचारून घ्या. नेहमीची फाइल औंधच्या जिल्हा रुग्णालयात आणि गाडी निघाली ससूनकडे, हे अर्ध्या वाटेत कळून उपयोग नाही. अर्थात श्वास अडलेला असेल, फिट थांबत नसेल, तर सगळ्यांत जवळचं तेच बरोबर.

पेठांतल्या जुन्या वाड्यांचे लाकडी जिने आणि लिफ्ट नसलेल्या सोसायट्या ही पुण्यातली खरी अडचण. स्ट्रेचर वळत नाही. अशा वेळी पाठ असलेली भक्कम लाकडी खुर्ची घ्या, प्लॅस्टिकची नको, पाय वाकून तुटतो. त्याला बसवून छातीशी आणि मांड्यांवर ओढणीने किंवा उपरण्याने बांधा. तोंड उताराकडे, खुर्ची जराशी मागे कललेली. एकाने पाठ धरायची, दुसऱ्याने पुढचे दोन पाय, आणि मान सावरता येत नसेल तर तिसऱ्याने डोकं. बगलेत हात घालून ओढू नका, कमजोर खांदा निखळतो. पडून मार लागलेला असेल तर मात्र खुर्ची नको, गाडीतल्या माणसांची वाट पाहा.

अनंत चतुर्दशीला लक्ष्मी, केळकर, कुमठेकर, टिळक हे रस्ते विसर्जन मिरवणुकीत दुसऱ्या दिवसापर्यंत अडकलेले असतात. गर्दी रुग्णवाहिकेला वाट करून देते, यात पुणेकर चुकत नाहीत, पण बोळातून त्या रस्त्यापर्यंत कसं पोचायचं ते आदल्या दिवशी ठरवलेलं बरं.

कॅज्युअल्टीच्या आत

तिथे नंबर आल्या क्रमाने लागत नाही, गंभीरतेने लागतो. २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या २५ व्या कलमात दिव्यांगांना तपासणीत आणि उपचारांत प्राधान्य मिळेल अशी व्यवस्था करण्याची जबाबदारी सरकारवर आणि स्थानिक संस्थांवर टाकली आहे, आणि सरकारी व खासगी दोन्ही रुग्णालयं अडथळाविरहित असावीत असंही म्हटलं आहे. त्याचा आधार घ्या, पण हार्ट ॲटॅकच्या पेशंटपुढे नंबर मागू नका. त्याऐवजी जे मिळू शकतं ते मागा: कोपऱ्यातला बेड, डोळ्यांवरचा दिवा बंद, ट्यूबलाइटखालच्या बाकाऐवजी नंबर येईपर्यंत गाडीत थांबायची मुभा. स्वमग्न मुलाला गोंगाटात एक तास बसवलं की तपासणीच्या वेळी तो हात लावू देत नाही, आणि मग ‘को-ऑपरेट करत नाही’ असं केस पेपरवर चढतं.

सुईआधी भूल देणारं मलम चालेल का विचारा. ते लावल्यावर सुमारे तासाभराने काम करतं, म्हणून पोचल्या पोचल्याच लावलेलं बरं, थांबायला वेळ नसेल तर सोडून द्या. थंड हाताला शीर लागत नाही, कोमट ओल्या कापडात हात गुंडाळून ठेवला की चौथ्यांदा टोचायची वेळ टळते. खुणांनी बोलणाऱ्या मूकबधिर माणसाचा खुणांचा हात सलाइनसाठी वापरू देऊ नका, तो त्याचा आवाज आहे. मास्क घातला की ओठ वाचता येत नाहीत, वही-पेन समोर ठेवा. अंध माणसाला स्पर्श करण्याआधी काय करणार ते सांगायला सिस्टरांना विनंती करा. त्यात दोन सेकंद जातात.

सीटीसाठी ‘हलतोय, झोपेचं इंजेक्शन देऊ’ असं म्हणाले, तर आधी विचारा की शिशाचा ॲप्रन घालून मी शेजारी थांबू का. डोक्याचा साधा स्कॅन हल्ली काही सेकंदांत होतो, ओळखीचा हात गालाशी असेल तर तेवढा वेळ बरेच जण स्थिर राहतात. इंजेक्शन द्यावंच लागलं तर घोरणं, झोपेत श्वास अडणं, आधी कोणत्या औषधाने उलट चवताळला होता, ते सांगा. हातपाय दाबून धरायची वेळ आलीच, तर पालथं घालून पाठीवर भार कधीच देऊ नका. श्वास तिथेच अडकतो.

आणि डॉक्टर तुमच्याकडे बघून ‘याला कळतं का?’ असं विचारतील. ‘त्यालाच विचारा, डोळे मिटले की हो’ असं सांगा. चाळिशीच्या माणसाला ‘बाळा’ म्हणून हाक मारली जात असेल, तर त्याचं नाव सांगा.

ॲडमिट झाल्यावर

‘तोंडाने काही द्यायचं नाही’ अशी पाटी लागली की गोळ्याही थांबतात, आणि हे अनेकदा ठरवून नाही, तसंच होतं. फिटची औषधं अचानक थांबली की फिट येते. लेव्हेटिरॅसिटॅम, व्हॅल्प्रोएट यांची शिरेतून देता येणारी रूपं आहेत, ‘सलाइनमधून चालू कराल का?’ असं नाव घेऊन विचारा. आखडलेपणाची बॅक्लोफेन एकदम तुटली तर ताप, भास, प्रचंड ताठरता येते. तिचं तसं इंजेक्शन नसतं, नळीतून द्यायची की दुसरा पर्याय, हे डॉक्टरांनी त्याच दिवशी ठरवायला हवं. हळूहळू विरघळणाऱ्या गोळ्या कुटून देऊ नका, दिवसभराचा डोस एकदम पोटात जातो.

गिळण्याचा त्रास असलेल्याला झोपवून पाणी पाजलं की ते फुप्फुसात जातं. वॉर्डातल्या मावशी प्रेमाने पाजतात, म्हणून पलंगाच्या डोक्याशी कागद चिकटवा: ‘बसवूनच, चमच्याने.’ कॅज्युअल्टीचं स्ट्रेचर कडक असतं. माकडहाड आणि टाचा दर दोन तासांनी दाबातून सुटल्या पाहिजेत, कूस बदलायची आणि त्वचा लाल दिसली तर दाबून बघायची. दाबल्यावरही लालसर डाग पांढरा होत नसेल तर ती जखमेची सुरुवात आहे.

आयसीयूत नातेवाइकांना सोडत नाहीत. ‘भेटायला’ म्हणून मागितलं तर नकार येतो. ‘याचं हो-नाही मलाच कळतं, भरवताना आणि तपासताना मी लागेन’ असं लेखी द्या, पास मिळण्याची शक्यता वाढते.

सही आणि पैसे

जीव वाचवण्यासाठीचे उपचार सहीसाठी थांबत नाहीत. डॉक्टर सरकारी असो की खासगी, तातडीची मदत करणं त्याचं कर्तव्य आहे, असं सर्वोच्च न्यायालयाने १९८९ च्या परमानंद कटारा खटल्यात सांगितलं. पुढच्या, ठरवून करायच्या शस्त्रक्रियेला मात्र प्रश्न येतो. अठरा पूर्ण झाली की आईवडील आपोआप कायदेशीर पालक राहत नाहीत. स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अपंगत्व आणि बहुविकलांगता यांसाठी १९९९ च्या नॅशनल ट्रस्ट कायद्याखाली जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखालची समिती पालकत्व देते. ते काम आजारपणात होत नाही, आधीच करून ठेवायचं.

शहरातली बरीच मोठी खासगी रुग्णालयं धर्मादाय आहेत. उच्च न्यायालयाने मान्य केलेल्या योजनेनुसार त्यांना तातडीच्या पेशंटला डिपॉझिट न मागता दाखल करून तो स्थिर होईपर्यंत उपचार द्यावे लागतात. १० टक्के खाटा निर्धनांसाठी मोफत आणि १० टक्के दुर्बल घटकांसाठी सवलतीत असतात. काउंटरवर नाही, तिथल्या समाजसेवकाकडे चौकशी करा. महात्मा फुले या सरकारी आरोग्य योजनेसाठी रुग्णालयातल्या आरोग्यमित्राला गाठा. नॅशनल ट्रस्टची ‘निरामय’ पॉलिसी वर्षाला एक लाखापर्यंतची आहे, पण खर्च आधी करून मग मागायचा असतो, मूळ बिलं जपा. अडवणूक झालीच तर लेखी तक्रार दिव्यांग कल्याण आयुक्तांकडे. त्यांचं कार्यालय पुण्यातच आहे.

एक संभाषण मात्र पैशांपेक्षा जड असतं. कोणीतरी हळू आवाजात विचारतं, ‘व्हेंटिलेटरवर घ्यायचं का? म्हणजे, तसंही…’ या ‘तसंही’मध्ये त्याच्या आयुष्याबद्दल एक निकाल आधीच लागलेला असतो. तेव्हा भांडू नका. तो रविवारचा व्हिडिओ दाखवा आणि विचारा, ‘याच्या जागी याच वयाचा धडधाकट माणूस असता तर तुम्ही काय सुचवलं असतं?’ उत्तर कधी ‘तेच’ असेल, आणि तसं असेल तर कारण वैद्यकीय हवं. ते समजावून मागा.

डिस्चार्जच्या वेळी केस पेपरवर ‘स्थिर’ लिहिलेलं असतं. तुम्ही पाहायचं ते वेगळं: दोन पोळ्या खाल्ल्या का, हाकेला हसला का, लघवी नेहमीसारखी झाली का, पाठीवर नवा लाल डाग आहे का. यातलं एखादं नसेल तर सही करण्याआधी सांगा. घरी आल्यावर नव्या औषधांसह कागद पुन्हा लिहा, जुना फाडून टाका. दोन कागद असले की घाईत हाताला जुना लागतो.